शेअर्ड फोल्डर काही पीसींवर उघडतं, काहींवर नाही: सर्व्हर फॉरमॅट करण्याआधी काय तपासायचं

तुम्ही विचारलेलं आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. दादरला सीएचं ऑफिस, खालीवर दोन मजले. कोपऱ्यातला एक विंडोज १० प्रोचा पीसी ‘सर्व्हर’ म्हणून चालतो आणि त्यावरचं ‘क्लायंट्स’ फोल्डर सगळ्यांना पासवर्डशिवाय शेअर केलेलं आहे. जुन्या पीसींवर ते उघडतं. नव्या दोन विंडोज ११ प्रो पीसींवर गेस्ट ॲक्सेस ब्लॉक केल्याचा मेसेज येतो. रिसेप्शनच्या पीसीवर ‘नेटवर्क पाथ नॉट फाउंड’. वरच्या मजल्यावर उघडतं, पण रडतरखडत. सर्व्हरवर मध्यंतरी विंडोज नव्याने टाकली, तेव्हापासून कॉपियरवरून केलेलं स्कॅन फोल्डरमध्ये पडत नाही. डोंबिवलीहून घरून काम करणाऱ्या मॅडमचं व्हीपीएन (घरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारी वाट) जोडलं जातं, फोल्डर मात्र उघडत नाही. आणि हार्डवेअरवाले दादा म्हणतात, फायरवॉल बंद करा, ‘एव्हरीवन’ला फुल कंट्रोल द्या, नाहीच जमलं तर सर्व्हर फॉरमॅट.

फॉरमॅट करू नका. या पाच तक्रारी आहेत, पाचांची कारणं वेगळी आहेत, आणि त्यातल्या निम्म्या तर सर्व्हरच्या बाहेरच्या आहेत. सगळं खापर सर्व्हरवर फोडायची सवय आपल्याकडे जुनी आहे, कारण तो एकच असतो आणि सगळे त्याच्याकडेच बघत असतात.

शेअरिंगचा बिघाड हा नेहमी दोन मशिनांमधला असतो. म्हणून माझा पहिला प्रश्न ‘सर्व्हरला काय झालं?’ हा नसतो. जिथे उघडतं तो पीसी आणि जिथे उघडत नाही तो पीसी, या दोघांत फरक काय, हे मी आधी विचारतो. त्यासाठी काही सॉफ्टवेअर लागत नाही, खुर्च्या बदलाव्या लागतात. ज्यांचं चालत नाही त्यांना चालणाऱ्या पीसीवर त्यांच्या स्वतःच्या नावाने बसवा. चालणाऱ्याला न चालणाऱ्या पीसीवर बसवा. माणूस जाईल तिथे बिघाड गेला तर प्रश्न अकाउंटचा किंवा परमिशनचा. बिघाड पीसीपाशीच राहिला तर प्रश्न त्या पीसीचा किंवा त्याच्या केबलचा. एका क्षणी सगळ्यांचंच बंद पडलं असेल तरच सर्व्हरकडे जायचं. ही अदलाबदल न करता लोक थेट सेटिंग्ज बदलायला घेतात आणि संध्याकाळपर्यंत इतक्या गोष्टी बदललेल्या असतात की मूळ बिघाड कुठला आणि आपण केलेला कुठला, हे कळायला मार्ग राहत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे मेसेज जसाच्या तसा वाचा. ‘ओपन होत नाही’ एवढ्यावर काही सांगता येत नाही. स्टाफला सांगा, स्क्रीनचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाका, खालच्या बारीक आकड्यासकट. ‘ॲक्सेस इज डिनाइड’, म्हणजे एरर ५, हा मेसेज मला आवडतो: तुम्ही सोसायटीच्या गेटपर्यंत पोचलात, फक्त वॉचमनने अडवलंय. ‘नेटवर्क पाथ नॉट फाउंड’, म्हणजे एरर ५३ किंवा ०एक्स८००७००३५, याचा अर्थ बिल्डिंगच सापडली नाही. इथे परमिशन बदलत बसण्यात काही हशील नाही. १३२६ आला तर नाव किंवा पासवर्ड चुकतोय. १२१९ आला तर त्याच पीसीवरून त्याच सर्व्हरला आधीच दुसऱ्या नावाने जोडणी झालेली आहे. विंडोज एका सर्व्हरसाठी एका वेळी दोन नावं चालवून घेत नाही. आणि ७१ आला तर सर्व्हरची जोडण्यांची मर्यादा भरली. विंडोज १० किंवा ११ प्रोवर ती २० आहे. ‘सर्व्हर’ म्हणून साधा पीसी वापरणाऱ्या ऑफिसात माणसं वाढली की हा आकडा एखाद्या सोमवारी सकाळी अचानक दिसतो.

आता तुमच्या नव्या पीसींकडे येऊ, कारण हा प्रश्न सध्या मुंबईभर घरोघरी आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे ऑफिसांनी धडाधड विंडोज ११ चे पीसी घेतले. त्यातली २४एच२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२४ मध्ये आली आणि तिने दोन गोष्टी बदलल्या. प्रो आवृत्तीतही पासवर्डशिवायचा, म्हणजे गेस्ट म्हणून होणारा प्रवेश बंद केला, आणि एसएमबीच्या (विंडोज पीसी फाइल शेअरिंगसाठी जी भाषा बोलतात तिच्या) प्रत्येक जोडणीवर डिजिटल सही सक्तीची केली. गेस्टच्या जोडणीवर सही करताच येत नाही, कारण सही ज्याच्यापासून तयार होते तो पासवर्डच तिथे नसतो. तुमच्या सर्व्हरवर ‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग’ बंद आहे. जुने पीसी गेस्ट म्हणून आत जातात, नवे नाकारतात. सर्व्हर आधी जसा होता तसाच आहे. नवा पीसी जास्त काटेकोर झालाय, एवढंच.

यावर यूट्यूबवर सापडणारा उपाय म्हणजे नव्या पीसीवर ग्रुप पॉलिसीत (विंडोजच्या नियमांच्या यादीत) जाऊन गेस्ट लॉगऑन परत चालू करणं आणि सहीची सक्ती काढणं. चालतं ते. पाच मिनिटांत चालतं. पण तुमच्याकडे लोकांची पॅन कार्डं, बँक स्टेटमेंटं, रिटर्न्स पडलेली आहेत, आणि गेस्ट प्रवेश म्हणजे ऑफिसच्या वायफायचा पासवर्ड ज्याला माहीत आहे त्या प्रत्येकाला ते सगळं खुलं. वायफायचा पासवर्ड चहावाल्यालाही माहीत असतो, हे मी तुम्हाला सांगायला नको.

त्यापेक्षा सर्व्हरवर प्रत्येकाच्या नावाचं एकेक साधं अकाउंट काढा. ॲडमिन नको, स्टँडर्ड. प्रत्येकाला पासवर्ड द्या. ‘ऑफिस’ नावाचा एक ग्रुप करा, सगळ्यांना त्यात टाका आणि फोल्डरची परमिशन त्या ग्रुपला द्या. मग ‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग’ चालू करा. हे संध्याकाळी सगळे गेल्यावर करा, कारण त्या क्षणी जुन्या पीसींचाही गेस्ट प्रवेश तुटेल आणि प्रत्येकावर एकदा नाव-पासवर्ड घालावा लागेल. नाव घालताना आधी सर्व्हरचं नाव, मग उलटी तिरकी रेघ, मग अकाउंटचं नाव असं घाला. नाहीतर पीसी स्वतःच्याच अकाउंटांत ते नाव शोधत बसतो आणि तुम्ही पासवर्ड परत परत टाइप करत राहता.

इथे तीन ठिकाणी लोक हमखास अडकतात. पहिलं, पिन. सकाळी पीसी चालू करताना चार आकडी पिन टाकायची सवय झालेली असते, आणि नेटवर्कने पासवर्ड विचारला की तोच पिन टाकला जातो. पिन फक्त त्या एका पीसीपुरता असतो, नेटवर्कवर त्याचा उपयोग शून्य. दुसरं, रिकामा पासवर्ड. सर्व्हरवर अकाउंट काढलं पण पासवर्ड ठेवलाच नाही, तर विंडोज अशा अकाउंटला फक्त त्याच मशिनसमोर बसून लॉगिन करू देते, नेटवर्कवरून नाही. तिसरं, क्रेडेन्शियल मॅनेजर. कंट्रोल पॅनेलमध्ये ही जागा आहे, तिथे ‘विंडोज क्रेडेन्शियल्स’खाली सर्व्हरच्या नावाने जुना पासवर्ड साठवलेला सापडतो. तो काढून टाका. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘नेट यूज’ एवढंच लिहून कुठल्या जोडण्या उघड्या आहेत बघा, त्या सर्व्हरच्या जोडण्या ‘डिलीट’ लावून तोडा आणि नव्याने जोडा. १२१९ चा मेसेज नव्वद टक्के वेळा इथेच सुटतो. (नव्वद टक्के हा अनुभवाचा अंदाज, मोजमाप नव्हे.)

रिसेप्शनचा पीसी. इथे बिल्डिंगच सापडत नाही, म्हणून पासवर्डाचा विषय नाही. त्या पीसीवर कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘आयपीकॉन्फिग’ द्या, म्हणजे त्याचा नेटवर्कवरचा पत्ता (आयपी) दिसेल, आणि तोच प्रकार चालणाऱ्या पीसीवर करा. दोन पत्ते शेजारी ठेवून बघा. माझी पैज आहे की चालणाऱ्याचा पत्ता १९२.१६८.१ ने सुरू होत असेल आणि रिसेप्शनचा १९२.१६८.० ने. तसं असेल तर रिसेप्शनच्या टेबलाखाली वाका. तिथे एक जादाचा वायफाय राउटर सापडेल, जो कुणीतरी ‘पोर्ट कमी पडत होते म्हणून’ लावला असेल, आणि ऑफिसमधून आलेली केबल त्याच्या वॅन पोर्टात, म्हणजे इंटरनेटच्या केबलसाठीच्या जागेत, असेल. अशाने तो राउटर स्वतःचं वेगळं छोटं नेटवर्क तयार करतो. त्यातल्या पीसीला इंटरनेट व्यवस्थित मिळतं, म्हणून कुणाला संशय येत नाही. पण सर्व्हरला नावाने हाक मारली की ती हाक त्या राउटरच्या पलीकडे जात नाही. केबल वॅनमधून काढून लॅन पोर्टात (पीसींसाठीच्या जागेत) घाला, राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन डीएचसीपी (पीसींना पत्ते वाटणारी सोय) बंद करा, आणि त्याचा स्वतःचा पत्ता मुख्य राउटरशी भांडणार नाही असा द्या. खरं तर तिथे साधा पाच पोर्टांचा स्विच लावा आणि राउटर घरी न्या.

पत्ते एकाच घरातले निघाले तर पुढची चाचणी. त्या पीसीवरून सर्व्हरला आयपीने पिंग करा (म्हणजे ‘आहेस का?’ अशी हाक मारा), मग नावाने करा. आयपीने उत्तर आलं आणि नावाने नाही, तर नाव शोधण्याचा घोळ आहे. पिंगला अजिबात उत्तर नाही म्हणून लगेच निराश होऊ नका. विंडोजचं फायरवॉल अनेकदा पिंग अडवतं आणि शेअरिंग चालू ठेवतं. खरी चाचणी पॉवरशेलमधली ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ ही कमांड, सोबत सर्व्हरचा आयपी आणि पोर्ट ४४५ (हा पोर्ट म्हणजे केबलची जागा नव्हे, मशिनमधल्या दाराचा नंबर). शेवटच्या ओळीत ‘ट्रू’ आलं तर रस्ता मोकळा आहे, ‘फॉल्स’ आलं तर मध्ये कुणीतरी अडवतंय. फाइल शेअरिंगची आजची सगळी ये-जा या एका ४४५ वर होते. १३७, १३८, १३९ हे पोर्ट नेटबायोस या जुन्या पद्धतीचे. अजूनही काही जण फायरवॉलमध्ये तेच उघडत बसतात.

सर्व्हरचा आयपी बदललेला असणं हेही नेहमीचंच. मुंबईत वीज जात नाही हा आपला अभिमान १२ ऑक्टोबर २०२० ला एकदा चांगलाच उतरला होता, पण इतर वेळीही लिफ्टच्या कामाला, मीटर बदलायला म्हणून बिल्डिंगची वीज जातेच. परत आली की राउटर, सर्व्हर आणि पीसी वाटेल त्या क्रमाने उठतात, राउटर पत्ते नव्याने वाटतो आणि सर्व्हरला शेवटी १० असलेल्या कालच्या पत्त्याऐवजी आज १७ चा मिळतो. ज्यांनी शॉर्टकट आयपीने केलाय त्यांचं बंद, ज्यांनी नावाने केलाय त्यांचं चालू. उपाय सोपा: राउटरच्या डीएचसीपीमध्ये सर्व्हरच्या मॅक ॲड्रेससाठी (नेटवर्क कार्डाच्या स्वतःच्या नंबरासाठी) एक पत्ता राखून ठेवा. सर्व्हरवरच हाताने पत्ता टाकलात तरी चालेल, पण तो डीएचसीपी वाटतो त्या पट्ट्याबाहेरचा हवा, नाहीतर एके दिवशी कुणाचा तरी मोबाइल त्याच पत्त्यावर येऊन बसेल आणि सर्व्हर मधूनमधून ‘गायब’ होईल. असा मधूनमधूनचा बिघाड शोधण्यासारखं कटकटीचं काम नाही.

आणखी एक. सर्व्हरवर नेटवर्कचा प्रकार ‘प्रायव्हेट’ आहे ना, बघा. राउटर बदलला किंवा विंडोज नव्याने टाकली की विंडोजला ते नेटवर्क अनोळखी वाटतं आणि ती त्याला ‘पब्लिक’ धरते. पब्लिकवर फाइल शेअरिंगचे फायरवॉलचे नियम बंद असतात. ‘फायरवॉल बंद केलं आणि चालू झालं’ याचं कारण बहुतेक वेळा हेच. बरोबर उपाय म्हणजे नेटवर्क प्रायव्हेट करणं. फायरवॉल चालूच राहू दे. अँटिव्हायरसचं स्वतःचं फायरवॉल असेल तर त्यातही हाच प्रकार तपासा. आणि फाइल एक्सप्लोररच्या ‘नेटवर्क’मध्ये सर्व्हरचं चित्र दिसत नाही म्हणून घाबरू नका. ती यादी म्हणजे निव्वळ सोय आहे, तिचा प्रवेशाशी संबंध नाही. ॲड्रेस बारमध्ये \\१९२.१६८.१.१० असा पत्ता थेट टाइप करा. उघडला तर सगळं ठीक आहे.

वरच्या मजल्याच्या संथपणाला सर्व्हर शंभरात एखादवेळी जबाबदार असतो. मोठी, साधारण एक जीबीची एकच फाइल खालच्या पीसीवर कॉपी करून वेग बघा, मग तीच वरच्या पीसीवर. वरचा वेग सेकंदाला ११–१२ एमबीवर येऊन तिथेच खिळला असेल तर दुसरं काही शोधू नका: ती जोडणी गिगाबिटची (१००० एमबीपीएसची) राहिलेली नाही, १०० एमबीपीएसवर उतरलेली आहे. गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात. १०० ला चार पुरतात. म्हणजे उरलेल्या चारांतली एक तार जरी तुटली किंवा क्लिपमध्ये नीट बसली नाही, तरी जोडणी चालू राहते, फक्त गुपचूप दहापट हळू होते. स्विचवरचा दिवा वेगळ्या रंगाचा दिसतो, पण त्याच्याकडे बघतो कोण? नेटवर्क ॲडॉप्टरच्या स्टेटसमध्ये ‘स्पीड’ लिहिलेला असतो, तो बघा.

मुंबईत हे जास्त होतं, आणि त्याला कारणं आहेत. समुद्राची खारट हवा आणि चार महिन्यांचा दमटपणा यांनी केबलच्या टोकाच्या आरजे-४५ क्लिपच्या पिना काळवंडतात. जुन्या बिल्डिंगींत केबल जिन्याच्या डक्टमधून लिफ्टच्या वायरींना चिकटून जाते, आणि त्या डक्टमध्ये उंदीर असतात. शिवाय लॅमिंग्टन रोडवर दोन भावांत केबल मिळते: एक शुद्ध तांब्याची, दुसरी तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची. दुसरी स्वस्त असते, आणि खोक्यावर कॅट-६ तिच्याही लिहिलेलं असतं. कापून टोक खरवडा. आत पांढरट चमकलं तर घेऊ नका. आधी दोन्हीकडच्या क्लिपा नव्याने मारून घ्या, तासाभराचं काम आहे. नाही सुधारलं तर केबल नवीन टाका. आणि वरचे पीसी वायफायवर असतील तर वरचा सगळा परिच्छेद विसरा आणि त्यांना आधी केबल द्या.

खालचा वेगही मंद आला, तर मात्र सर्व्हरसमोर बसा. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्क्यांवर अडकलीय का बघा. दुपारी सगळ्यांचं काम जोरात असताना बॅकअप किंवा अँटिव्हायरसचं स्कॅन चालू होत असेल, किंवा हार्ड डिस्क शेवटच्या घटका मोजत असेल. इव्हेंट व्ह्यूअरच्या ‘सिस्टिम’ लॉगमध्ये ‘डिस्क’ नावाने लाल-पिवळ्या नोंदी दिसल्या तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी डेटा दुसरीकडे घ्या. आणि हजारो छोट्या पीडीएफ कॉपी करताना वेग पडतो, तो बिघाड नाही. प्रत्येक फाइलसाठी उघडा-तपासा-लिहा-बंद करा अशी देवाणघेवाण वेगळी होते. अशा वेळी झिप करून एकच फाइल न्या.

कॉपियरचं कारण माझ्या मते स्पष्ट आहे. जुने कॉपियर एसएमबीची पहिलीच आवृत्ती बोलतात. विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून नव्याने टाकलेल्या विंडोजमध्ये ती डिफॉल्टने नसते. तुमच्या सर्व्हरवर विंडोज नव्याने टाकली आणि कॉपियर मुका झाला, हे त्यात तंतोतंत बसतं. ‘टर्न विंडोज फीचर्स ऑन’मध्ये जाऊन एसएमबी १ वर टिक करा, स्कॅन चालू होईल, हे कुणीही सांगेल. ते करू नका. मे २०१७ मधलं वॉनाक्राय हे रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम) याच पहिल्या आवृत्तीतल्या भोकातून पसरलं. त्यावरचा पॅच मार्चमध्येच आलेला होता, लोकांनी टाकला नव्हता. पुढच्याच महिन्यात, २७ जूनला नॉटपेट्या हा दुसरा हल्ला आला आणि त्याच्या तडाख्यात आपल्या शेजारच्या जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल ठप्प झालं. तिथे कंटेनर अडकले. तुमच्याकडे जुलैच्या शेवटच्या आठवड्यात रिटर्न्स अडकतील.

मग स्कॅनचं काय? कॉपियरच्या कंपनीच्या इंजिनिअरला विचारा की नवं फर्मवेअर (मशिनच्या आतलं सॉफ्टवेअर) आहे का आणि त्यात एसएमबी २ येतं का. बऱ्याच मॉडेलांना येतं, फक्त कुणी टाकत नाही. नसेल तर स्कॅन ईमेलवर पाठवा किंवा एफटीपी या फाइल पाठवण्याच्या जुन्या पद्धतीने घ्या; एफटीपीत पासवर्ड उघडा जातो, म्हणून त्याचं अकाउंट फक्त त्या एका फोल्डरपुरतं ठेवा. एसएमबी २ मिळालं तरी कॉपियरला सर्व्हरवर ‘स्कॅन’ नावाचं वेगळं अकाउंट द्या, ज्याला फक्त स्कॅनच्या फोल्डरमध्ये लिहिता येईल आणि ज्याचा पासवर्ड कधी संपणार नाही. कॉपियरमध्ये पार्टनर साहेबांचं स्वतःचं अकाउंट टाकून ठेवलेली ऑफिसं मी पाहिली आहेत. साहेबांनी पासवर्ड बदलला की स्कॅन बंद, आणि दोन गोष्टींचा संबंध कुणाच्या लक्षात येत नाही. स्कॅनच्या शेअरचं नाव इंग्रजीत, छोटं आणि मधे जागा न सोडता ठेवा. जुनी मशिनं देवनागरी नावाला अडखळतात.

आता ‘एव्हरीवनला फुल कंट्रोल’. फोल्डरवर परमिशनचे दोन थर असतात. एक शेअरचा, जो फक्त नेटवर्कवरून येणाऱ्याला लागू होतो. दुसरा एनटीएफएसचा, म्हणजे डिस्कवरच्या फाइल व्यवस्थेचा, जो समोर बसलेल्यालाही लागू होतो. दोन्हींत जो कडक, तो चालतो. म्हणून एका थरात ढीगभर सूट दिली तरी दुसऱ्यात ‘रीड’ असेल तर ‘ॲक्सेस डिनाइड’ येतच राहतं, आणि माणूस वैतागून दुसरीकडेही सगळं खुलं करतो. माझी पद्धत अशी: शेअरच्या थरात ‘ऑफिस’ ग्रुपला चेंज, आणि खरं नियंत्रण सगळं एनटीएफएसमध्ये. दोन ठिकाणी बारकावे ठेवले की सहा महिन्यांनी स्वतःलाच आठवत नाहीत. आणि ‘डिनाय’ची टिक शक्यतो वापरू नका. ती बाकीच्या परवानग्यांवर मात करते आणि नंतर सापडता सापडत नाही. कुणाला नक्की काय मिळतंय हे बघायचं तर फोल्डरच्या सिक्युरिटी टॅबमध्ये ‘ॲडव्हान्स्ड’ आणि त्यात ‘इफेक्टिव्ह ॲक्सेस’. नाव टाका, उत्तर समोर.

एक खोडी जवळून दाखवतो, कारण ऑफिसात ती कुणालाच उमगत नाही. समजा ‘पार्टनर्स’ फोल्डर फक्त साहेबांना उघडतं. साहेबांनी सर्व्हरवर बसून त्यातली एक एक्सेल फाइल उचलून ‘क्लायंट्स’मध्ये टाकली. दोन्ही फोल्डर एकाच ड्राइव्हवर आहेत. फाइल सगळ्यांना दिसते, पण उघडायला गेलं की ‘ॲक्सेस डिनाइड’. शेजारच्या बाकी सगळ्या फाइली उघडतात. कारण एकाच ड्राइव्हवर फाइल हलवली, म्हणजे ‘मूव्ह’ केली, की ती जुन्या परमिशन बरोबर घेऊन जाते. कॉपी केली तर नव्या फोल्डरच्या घेते. उपाय म्हणजे त्या फाइलची परमिशन वरच्या फोल्डरकडून नव्याने घ्यायला लावणं, किंवा साहेबांनीच तिची कॉपी करून मूळ फाइल काढून टाकणं. तसंच, कुणाला नव्या ग्रुपमध्ये टाकलंत तर त्याला लॉगऑफ करून परत यायला सांगा. ग्रुपची यादी लॉगिनच्या क्षणी ठरते. तोपर्यंत ‘तुम्ही दिलंत पण मला मिळालं नाही’ हे भांडण चालू राहतं.

फाइल ‘लॉक्ड’ येणं ही वेगळी गोष्ट. सर्व्हरवर ‘कॉम्प्युटर मॅनेजमेंट’मधल्या ‘शेअर्ड फोल्डर्स’मध्ये ‘ओपन फाइल्स’ बघा. कुणी, कुठली फाइल धरून ठेवलीय ते दिसतं. सहाची फास्ट पकडायला पळालेल्या कुणीतरी एक्सेल उघडी टाकलेली असते. तिथून ती जबरदस्तीने बंद करता येते, पण आधी त्या माणसाला फोन करा, न साठवलेलं काम जाईल.

डोंबिवलीच्या मॅडम. घरच्या राउटरचा पत्ता आणि ऑफिसचा पत्ता, दोन्ही १९२.१६८.१ ने सुरू होतात का, एवढंच बघा. तसं असेल तर त्यांचा लॅपटॉप सर्व्हरला घरातच शोधतो, व्हीपीएनकडे वळतच नाही. त्यांच्या घरचा पत्ता बदलून आजचं काम भागेल, पण उद्या दुसऱ्याच्या घरी तीच अडचण येईल. म्हणून ऑफिसचाच पट्टा १९२.१६८.७३ असा काहीतरी अनवट ठेवा. आणि कुणी सांगितलं की राउटरवर ४४५ पोर्ट बाहेरून उघडा, व्हीपीएनची गरजच नाही, तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

मॅप केलेल्या, म्हणजे सर्व्हरच्या फोल्डरला झेड वगैरे अक्षर देऊन जोडलेल्या, ड्राइव्हवर लाल फुली दिसते, क्लिक केलं की उघडतं, हा बिघाड नाही. १५ मिनिटं हालचाल नसली की सर्व्हर जोडणी सोडून देतो आणि लागली की परत जोडतो. अकाउंटिंगचं एखादं सॉफ्टवेअर ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने चालवता आणि त्याला झेड ड्राइव्ह दिसत नाही, तर तिथे ड्राइव्हऐवजी पूर्ण पत्ता द्या; ॲडमिन म्हणून चालणाऱ्या प्रोग्रॅमचं लॉगिन वेगळं धरलं जातं. एनएएस (नेटवर्कला जोडायचा डिस्कचा डबा) घेतलात तर त्याच्या आत बहुधा लिनक्स आणि सांबा हे फाइल शेअरिंगचं सॉफ्टवेअर असतं; वरचे सगळे नियम तिथेही लागू, फक्त त्याच्या सेटिंगमध्ये कमीत कमी आवृत्ती एसएमबी २ ठेवलीय आणि सही चालू आहे, एवढं बघून घ्या. डोमेन (सगळ्यांची लॉगिनं एकाच सर्व्हरकडून तपासली जाणं) असलेल्या ऑफिसांसाठी एकच ओळ: घड्याळं बघा. पाच मिनिटांहून जास्त फरक पडला की कर्बेरोस ही लॉगिन तपासणारी व्यवस्था दार बंद करते.

काम कुठल्या क्रमाने करायचं ते सांगतो. आधी बॅकअप, आणि तो उघडतो का ते पाहणं. मग रिसेप्शनचा राउटर, तो सगळ्यात सोपा. मग सर्व्हरचा पत्ता राखून ठेवणं. ऑफिसचा पट्टा बदलणार असाल तर तोही याच वेळी बदला, पुन्हा दोनदा नको. शनिवारी संध्याकाळी अकाउंटं आणि ग्रुप, रविवारी एकेक पीसी जोडून बघणं. प्रत्येक बदलानंतर एका चालणाऱ्या आणि एका न चालणाऱ्या पीसीवर तपासा, आणि काय बदललं ते वहीत लिहा. केबलवाला आणि कॉपियरचा इंजिनिअर पुढच्या आठवड्यात. सर्व्हरची विंडोज १० कधी बदलायची हा खर्चाचा निर्णय आहे, पण तो या मार्चच्या गर्दीआधी घ्या. बदललीत तर नवी विंडोज सहीची सक्ती स्वतःकडे येणाऱ्या जोडण्यांवरही लावेल, तेव्हा कॉपियर पुन्हा एकदा तपासावा लागेल.

हे करूनही एखादा पीसी अडला तर मला त्या पीसीवरच्या ‘आयपीकॉन्फिग’चा फोटो, ‘टेस्ट-नेटकनेक्शन’चं उत्तर, आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये मायक्रोसॉफ्ट, विंडोज, एसएमबीक्लायंट या वाटेने जाऊन ‘कनेक्टिव्हिटी’ आणि ‘सिक्युरिटी’ या दोन लॉगमधल्या शेवटच्या नोंदी पाठवा. सोबत तसेच फोटो चालणाऱ्या पीसीचेही.